क्षणदीप छायाचित्रण

क्षणदीप छायाचित्रण : अपुऱ्या प्रकाशात अथवा अंधारात, अत्यल्प काळ टिकणाऱ्या तीव्र कृत्रिम प्रकाशाच्या साहाय्याने छायाचित्र घेण्याची पद्धती. असा प्रकाश देणाऱ्या साधनास क्षणदीप व व्यवहारात फ्लॅश म्हणतात. सूर्यप्रकाश, दिवा किंवा मशाल यांच्या उजेडात छायाचित्रकार दृश्य आधी पाहतो व नंतर त्याचे चित्र घेतो. क्षणदीपाच्या बाबतीत मात्र चित्र घेतले जाईपर्यंत प्रकाश अस्तित्वातच नसतो आणि तो प्रकटतो तेव्हा डोळ्यास त्याचे नीट आकलन होण्यापूर्वीच विझून जातो. म्हणून त्याचा परिणाम आधी अजमावावा लागतो. क्षणदीपाचा सु. दीडशे वर्षांचा इतिहास म्हणजे हा अंदाज माणसाकडून काढून प्रथम रसायनाकडे, नंतर आकड्याकडे व अखेरीस यंत्राकडे सोपविण्याच्या प्रयत्नांचा इतिहास होय. हे प्रयत्न पुष्कळ अंशी सफल झाले. तथापि दृश्यात मुळात असलेला प्रकाश किती राखावयाचा हा निर्णय कोणत्याही यंत्रास घेता आलेला नाही. नाशिक जिल्ह्यातील पेठ व त्याच्या आसपासच्या डोंगराळ भागात रात्री टेंभ्यांच्या उजेडात निघणाऱ्या बोहाड्याच्या सोंगांचे छायाचित्रण हे याचे बोलके उदाहरण आहे.

पूर्वेतिहास : छायाचित्रणाचा शोध १८३९ मध्ये जाहीर झाला. त्या काळातील प्रकाशसंवेदी पट्ट्यांचा वेग अतिशय कमी असल्याने उद्भासनास भर उन्हातही बराच वेळ लागे आणि घरातील वा रात्रीचे चित्रण जवळजवळ अशक्य होते. क्षणिक प्रकाशाने चित्र घेण्याचा पहिला प्रसिद्ध प्रयोग विल्यम हेन्री फॉक्स टॅलबट यांनी १८५१ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये केला. वेगाने फिरणाऱ्या चक्रावर वृत्तपत्राचे पान चिकटवून लायडेन पात्रांच्या संचातून पाडलेल्या विद्युत् ठिणगीच्या प्रकाशात त्याचे चित्र घेण्यात आले व त्यातील मजकूर वाचता आला. क्षणदीपाची दोन कार्ये असतात. अंधार उजळणे हे एक आणि गती गोठविणे हे दुसरे. यांपैकी दुसरे कार्य या प्रयोगाने सिद्ध झाले. परंतु ठिणगीचा प्रकाश मोठे दृश्य उजळण्यास पुरेसा नव्हता.

ती गरज मॅग्नेशियम या धातूने भागविली. मॅग्नेशियमाची तार शुभ्र व अतिशय तेजस्वी ज्योतीने जळते आणि तिच्या प्रकाशात त्या काळच्या पट्ट्यांना मानवणाऱ्या निळ्या व जंबुपार किरणांचे प्रमाण मोठे असते. मँचेस्टर येथील आल्फ्रेड ब्रदर्स यांनी १८६४ मध्ये या प्रकाशात व्यक्तिचित्रे तसेच डर्बीशर परगण्यातील एका गुहेचे अंतर्भाग टिपले. चार्ल्स पिॲझी स्मिथ यांनी १८६५ मध्ये ईजिप्तमधील मोठ्या पिरॅमिडच्या आत व चार्ल्स वॉल्डॅक यांनी १८६६ मध्ये अमेरिकेतील मॅमथ गुहेत मॅग्नेशियम जाळूनच चित्रे घेतली. तथापि तार जळण्यास काही सेकंद लागत, धूर कोंडे व धातूही महाग होता. हा प्रकाश प्रखर होता, पण क्षणिक नव्हता.

जर्मनीतील आडोल्फ मीटे व योहान्नेस गेडिके यांनी १८८७ मध्ये मॅग्नेशियमाची पूड, पोटॅशियम क्लोरेट व अँटिमनी सल्फाइड यांचे मिश्रण तयार केले. ते पेटविताच एकदम भडका उडे. क्षणदीप छायाचित्रणाचा व्यावहारिक आरंभ या मिश्रणापासून मानला जातो. न्यूयॉर्कमधील वार्ताहर जेकब रीस यांनी लगेचच त्याचा उपयोग करून त्या शहरातील कोंदट चाळी व निराश्रितांचे रात्रीचे निवारे यांची चित्रे घेतली. हाऊ द अदर हाफ लिव्ह्‌ज (१८९०) या त्यांच्या पुस्तकाने तेथील गृहसुधारणेच्या चळवळीस मोठी चालना मिळाली. सूर्यप्रकाश जेथे कधीच पोहोचत नाही, तेथील जीवनही छायाचित्राचा विषय होऊ शकते हे या चित्रांनी दाखविले. त्याचबरोबर अचानक झालेल्या भडक्याने दिपलेले व दचकलेले चेहरेही त्यांतून प्रथमच लोकांसमोर आले. भडका पूड धोकादायकही होती. तिच्यामुळे आपल्या हातून दोनदा घरांत आग लागल्याचे खुद्द रीस यांनी नमूद केले आहे.

दिवा व विद्युत् क्षणदीप : पुढचा टप्पा म्हणजे हा भडका काचेच्या बंद गोळ्यात कोंडणे. जर्मनीत १९२९ च्या सुमारास बाजारात आलेल्या क्षणदीप दिव्यात ऑक्सिजन वायू भरलेल्या गोळ्यात ॲल्युमिनियमाचा पातळ वर्ख असे. विजेऱ्यांच्या प्रवाहाने तो पेटे व काही शतांश सेकंदांत जळून जाई. धूर व आवाज नाहीसे झाले. प्रत्येक दिव्याचा प्रकाश सारखा असल्याने तो मोजून त्याचा आकडा वेष्टनावर छापता येऊ लागला. पूडीच्या काळातील चिमटीचा अंदाज जाऊन अंकगणित आले हे या दिव्याचे खरे महत्त्व होय. पुढे वर्खाच्या जागी बारीक तार, नंतर झिर्कोनियम वापरण्यात आले. गोळा फुटू नये म्हणून त्यावर लाखेसारखा लेप देत आणि रंगीत फिल्मसाठी तो निळा करीत. दिवा एकदाच वापरता येई. चार दिवे एकत्र असलेला फिरता घन १९६५ मध्ये निघाला.

विद्युत् क्षणदीपाचा विकास प्रामुख्याने मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधील हॅरल्ड एजर्टन यांनी १९३० नंतरच्या दशकात केला. यात झेनॉनासारखा निष्क्रिय वायू भरलेली काचेची नळी असते. विजेऱ्यांचा कमी दाबाचा प्रवाह विद्युत् मंडलाने सु. ३०० व्होल्टपर्यंत वाढवून धारित्रात साठवितात. कॅमेऱ्याची झडप उघडताच काही हजार व्होल्टचा स्पंद नळीस दिला जातो, त्यामुळे वायूचे आयनीकरण होते आणि धारित्रातील सर्व ऊर्जा एका क्षणात नळीतून वाहून प्रकाशरूपाने बाहेर पडते. हा प्रकाश सामान्यतः सेकंदाच्या हजाराव्या भागाइतका वा त्याहूनही कमी काळ टिकतो. नळी हजारो वेळा वापरता येते. धारित्रातील भार साधन बंद केल्यावरही बराच वेळ टिकून राहतो, म्हणून क्षणदीप माहितगाराखेरीज कोणी उघडू नये.

१९६० नंतरच्या दशकात क्षणदीपावर प्रकाशसंवेदी घटक बसविण्यात आला. विषयावरून परत येणारा प्रकाश पुरेसा होताच तो क्षणदीप विझवीत असे. पुढे थायरिस्टरच्या योगे उरलेली ऊर्जा पुढील चित्रासाठी राखता येऊ लागली. अंगभूत क्षणदीप असलेला छोटा कॅमेरा कोनिका या जपानी कंपनीने १९७५ मध्ये काढला व त्याच वर्षी ऑलिंपस ओएम-२ या कॅमेऱ्यात भिंगातून येऊन फिल्मवरून परावर्तित होणारा प्रकाश मोजण्याची सोय झाली. अंकीय कॅमेऱ्यात मुख्य प्रकाशापूर्वी एक दुर्बल स्फुरण पाठवून मापन करतात. भ्रमणध्वनीवरील दिवा बहुधा प्रकाश-उत्सर्जक द्विप्रस्थाचा असतो. तो तुलनेने मंद व जास्त काळ जळणारा असल्याने गती गोठविण्याचे काम त्याच्याकडून नीट होत नाही.

महाराष्ट्रातील वाटचाल : भारतातील पहिली छायाचित्रण संस्था मुंबईत १८५४ मध्ये स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी हे तिच्या आरंभीच्या भारतीय सभासदांपैकी होत. पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन संस्थेत छायाचित्रणाचा वर्ग सुरू झाला. त्या काळातील शिक्षण सूर्यप्रकाशाचेच होते. चित्रशाळेचे छत काचेचे करून उत्तरेचा मृदू उजेड आत घेत व पडदे सरकवून तो कमीजास्त करीत. नाशिक जिल्ह्यातील त्र्यंबकेश्वर येथे जन्मलेले दादासाहेब फाळके (१८७०–१९४४) हे चित्रपटाकडे वळण्यापूर्वी व्यवसायाने छायाचित्रकार होते. त्यांचा राजा हरिश्चंद्र (१९१३) हा चित्रपटही सूर्यप्रकाशावरच चित्रित झाला. मावळतीनंतर काम थांबणे हा त्या पिढीच्या व्यवसायाचा नियमच होता.

वृत्तपत्रीय छायाचित्रणाने हा नियम मोडला. मुंबईत सर ज. जी. कलाशाळेत शिकलेल्या व पुढे दिल्लीत काम केलेल्या होमाई व्यारावाला (१९१३–२०१२) या भारतातील पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. त्या स्पीड ग्राफिक हा मोठा कॅमेरा क्षणदीप दिव्यांसह वापरीत. अशा कॅमेऱ्यात प्रत्येक चित्रानंतर फिल्म बदलावी लागे व जळालेला गरम दिवा काढून नवा बसवावा लागे. त्यामुळे एका प्रसंगी एकच संधी मिळे आणि नेमका क्षण आधी ओळखणे हीच खरी विद्या ठरे.

लग्नसमारंभामुळे क्षणदीप महाराष्ट्रातील तालुक्याच्या गावांपर्यंत पोहोचला. गोरज मुहूर्तावरील लग्न मावळतीच्या सुमारास लागते. मंगलाष्टके संपून अंतरपाट दूर होण्याचा व माळा घालण्याचा क्षण पुन्हा येत नाही. दिव्यांच्या काळात या एका क्षणासाठी छायाचित्रकार दिवा राखून ठेवीत. सरकारी क्षेत्रातील हिंदुस्थान फोटो फिल्म्स ही कंपनी उटकमंड येथे १९६० मध्ये स्थापन झाली व तिची इंदू ही फिल्म देशात सर्वत्र वापरली गेली. तरी चांगले क्षणदीप दीर्घकाळ आयातच करावे लागत व ते महाग असत. म्हणून छोट्या गावातील नवशिका हे काम पुस्तकातून न शिकता बहुधा उमेदवारी करून शिके : प्रथम उस्तादाच्या मागे विजेऱ्यांची पेटी सांभाळणे, मग दुसरा क्षणदीप हातात उंच धरणे व पुष्कळ काळाने कॅमेरा हाती येणे. हातात क्षणदीप धरून उभा राहणारा हा उमेदवार प्रकाशाची दिशा व अंतर हे दोन धडे नकळत शिकून जाई.

मूलतत्त्वे : नवशिक्याने आत्मसात करावयाची तत्त्वे मुख्यतः पाच आहेत.

(१) अंतर : लहान उगमापासून पसरणाऱ्या प्रकाशाची तीव्रता अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात बदलते. दोन मीटरवरील माणसाला जेवढा प्रकाश मिळतो त्याच्या चौथा हिस्सा चार मीटरवरील व सोळावा हिस्सा आठ मीटरवरील माणसाला मिळतो. म्हणूनच क्षणदीपाने घेतलेल्या समूहचित्रात पुढची रांग पांढरीफटक व मागची काळवंडलेली दिसते. सर्वांना क्षणदीपापासून शक्यतो सारख्या अंतरावर उभे करणे किंवा क्षणदीप दूर व उंच नेणे हा त्यावरील उपाय होय. मोठ्या मैदानात वा नाट्यगृहात मागच्या बाकांवरून छोटा क्षणदीप उडविणे व्यर्थ असते ते याच कारणाने.

(२) मार्गदर्शक अंक : क्षणदीपाची शक्ती एका अंकाने दर्शवितात. त्यास मीटरमधील अंतराने भागले असता भिंगाच्या छिद्राचा एफ् क्रमांक मिळतो. आयएसओ १०० या वेगासाठी अंक २८ असल्यास ३·५ मी. अंतरावर एफ्/८ व ५ मी. अंतरावर एफ्/५·६ हे छिद्र योग्य ठरते. फिल्मचा किंवा संवेदकाचा वेग चौपट केल्यास हा अंक दुप्पट होतो. स्वयंचलित साधन हाती असले, तरी नवशिक्याने आरंभी काही दिवस स्वयंचलन बंद ठेवून, पावलांनी अंतर मोजून हा भागाकार करावा. त्याने न दिसणाऱ्या प्रकाशाचा अंदाज अंगवळणी पडतो.

(३) समकालन : झडप पूर्ण उघडी असताना क्षणदीप पेटला पाहिजे. भिंगातील पात्यांची झडप प्रत्येक वेगाला एकदा पूर्ण उघडते, म्हणून तिच्याबरोबर क्षणदीप कोणत्याही वेगाला चालतो. फिल्मच्या लगत सरकणाऱ्या दोन पडद्यांच्या झडपेत मात्र ठरावीक मर्यादेपलीकडच्या वेगाला पहिला पडदा पूर्ण सरकण्यापूर्वीच दुसरा निघतो व नुसती फट पुढे सरकते. अशा वेळी चित्राचा काही भाग पट्ट्यासारखा काळा राहतो. जुन्या कॅमेऱ्यात ही मर्यादा बहुधा १/६० सेकंद असे व पुढे ती १/२०० ते १/२५० सेकंदापर्यंत गेली. जुन्या कॅमेऱ्यांवर एक्स व एम अशी दोन चिन्हे आढळतात. दिव्याला पूर्ण तेज येण्यास सु. दोन शतांश सेकंद लागत, म्हणून एम स्थितीत झडप तेवढी उशिरा उघडे. एक्स ही स्थिती विद्युत् क्षणदीपासाठी असते.

(४) दोन उद्भासने : क्षणदीपाने घेतलेल्या प्रत्येक चित्रात वस्तुतः दोन चित्रे एकमेकांवर पडतात, एक क्षणदीपाच्या प्रकाशाचे व दुसरे स्थळावरील मूळ प्रकाशाचे. क्षणदीप झडपेच्या वेळेपेक्षा फारच थोडा काळ टिकत असल्याने झडपेचा वेग बदलून त्याच्या उद्भासनात फरक पडत नाही. ते छिद्र, अंतर व क्षणदीपाची शक्ती यांवर ठरते. मूळ प्रकाशाचे उद्भासन मात्र छिद्र व झडपेचा वेळ या दोहोंवर ठरते. म्हणून झडप अधिक काळ उघडी ठेवल्यास पार्श्वभूमी उजळते, पण क्षणदीपाने उजळलेला चेहरा बहुतांशी तसाच राहतो. क्षणदीप छायाचित्रणातील सर्वांत उपयुक्त व नवशिक्यास सर्वांत उशिरा उमगणारी बाब हीच आहे.

(५) दिशा : कॅमेऱ्यावरच बसविलेला क्षणदीप भिंगाच्या दिशेनेच प्रकाश टाकतो. त्यामुळे चेहऱ्याची ठेवण सपाट होते, मागच्या भिंतीवर गडद छाया पडते आणि डोळ्याच्या मागील रक्तवाहिन्यांच्या थरावरून प्रकाश परत येऊन डोळे लाल दिसतात. क्षणदीप कॅमेऱ्यापासून हातभर दूर व वर धरला, तरी हे तिन्ही दोष कमी होतात. पांढऱ्या छतावरून वा भिंतीवरून प्रकाश परावर्तित केल्यास तो मृदू होतो; मात्र अशा वेळी अंतर क्षणदीप ते छत व छत ते विषय असे एकूण धरावे लागते आणि काही प्रकाश छतात शोषला जातो.

स्वयंचलित साधनाच्या मर्यादाही याच तत्त्वांवरून समजतात. संवेदी घटक समोरचे दृश्य सरासरीने मध्यम करड्या छटेचे आहे असे धरून चालतो. दृश्यात पांढरा अंतरपाट मोठा आला, तर त्यावरून भरपूर प्रकाश परत येतो, घटक क्षणदीप लवकर विझवितो व वधूवरांचे चेहरे काळवंडतात. याउलट रात्रीच्या उघड्या माळावर मागचा अंधार काहीच प्रकाश परत पाठवीत नाही, घटक क्षणदीप पूर्ण जळू देतो व जवळचा माणूस पांढरा पडतो. दोन्ही प्रसंगी यंत्र बिघडलेले नसते. दृश्याविषयीचे त्याचे गृहीत चुकलेले असते.

पेठ परिसरातील रात्रीचे चित्रण : पेठ हे नाशिकच्या वायव्येस सु. ५५ किमी. अंतरावर, सह्याद्रीच्या रांगांत गुजरातच्या सीमेलगत वसलेले तालुक्याचे ठिकाण आहे. तालुक्यात कोकणा, महादेव कोळी, वारली इ. आदिवासी समाजांची वस्ती मोठी आहे. पेठ, सुरगाणा, जव्हार व मोखाडा या पट्ट्यात उन्हाळ्याच्या सुमारास बोहाडा वा भोवाडा हा मुखवट्यांचा उत्सव होतो. लाकडाचे किंवा कागदाच्या लगद्याचे रंगविलेले मुखवटे चढवून देवदेवता, राक्षस व पशू यांची सोंगे एकामागून एक वाद्यांच्या ठेक्यावर नाचत येतात. आरंभी गणपतीचे सोंग येते व हा क्रम रात्रभर चालतो. परंपरेने ही सोंगे मशालींच्या वा टेंभ्यांच्या उजेडात नाचविली जात.

या उत्सवाचे क्षणदीपाने चित्रण करताना नवशिक्याची एक ठरावीक चूक होते. क्षणदीप पूर्ण शक्तीने व झडप जलद वेगाने वापरली जाते. चित्रात मुखवट्याचा प्रत्येक रंग व टवका स्वच्छ उतरतो. पण टेंभ्याची ज्योत फिकी पडते, भोवतालची माणसे काळोखात बुडतात व सोंग एखाद्या संग्रहालयातील वस्तूप्रमाणे काळ्या पडद्यापुढे उभे असल्यासारखे दिसते. मुखवट्याचा अभ्यास करणाऱ्यास असे चित्र उपयोगी पडेल. परंतु मुखवटा ज्या उजेडासाठी घडविला जातो, तो उजेड त्यात नसतो. खालून व बाजूने येणाऱ्या हलत्या ज्योतीमुळे कोरीव डोळ्यांच्या खाचा खोल होतात, सुळे व जिभा पुढे येतात आणि निश्चल मुखवटा भाव बदलतो असा भास होतो. समोरून पडणारा क्षणदीप नेमक्या याच छाया पुसून टाकतो. उत्सवाची नोंद म्हणून हे चित्र पुढील पिढ्यांच्या हाती जात असल्याने ही केवळ सौंदर्याची बाब उरत नाही. बोहाडा दिवसा होत असावा किंवा ओसाड माळावर एकटा माणूस नाचत असावा, असा चुकीचा पुरावा त्यातून तयार होतो.

यावर उपाय वर दिलेल्या चौथ्या तत्त्वात आहे. उदा., मार्गदर्शक अंक २८ असलेला क्षणदीप व आयएसओ १६०० हा वेग घेतल्यास त्या वेगासाठी अंक ११२ होतो. ज्योतीचा उजेड पकडण्यासाठी छिद्र एफ्/२·८ व झडप १/१५ सेकंद ठेवली आणि सोंग ५ मी. अंतरावर असले, तर क्षणदीपाकडून १४ एवढाच अंक हवा असतो. तो मूळ अंकाचा आठवा भाग असल्याने शक्ती १/६४ पुरते. छाया अधिक गडद हव्या असल्यास ती आणखी निम्मी करावी. सोंग नाचत २·५ मी. अंतरावर आले, तर त्यावर चौपट प्रकाश पडेल. अशा वेळी आकडे बदलण्यापेक्षा दोन-तीन पावले मागे सरणे सोपे. ज्योतीच्या प्रकाशाचे रंगतापमान सु. १,९०० के. व क्षणदीपाचे सु. ५,५०० के. असल्याने क्षणदीपापुढे नारिंगी जिलेटीन लावावे, म्हणजे सोंग निळसर व गर्दी तांबडी असा विजोड दिसत नाही. क्षणदीप झडप उघडताना न पेटता ती मिटण्याच्या बेतात पेटेल अशी योजना केल्यास फिरत्या टेंभ्याची रेषा सोंगाच्या मागे उमटते व गतीची दिशा खरी दिसते. टेंभ्याच्या धुरातील कण भिंगाजवळच्या क्षणदीपाने पांढुरके चमकतात. पेठच्या जोरदार पावसात थेंबांचेही तसेच होते. म्हणून दोन्ही प्रसंगी क्षणदीप बाजूस धरावा.

घरातील चित्रणातही स्थानिक परिस्थिती लक्षात घ्यावी लागते. छतावरून प्रकाश परावर्तित करण्याचा पुस्तकी नियम पांढऱ्या, सपाट छतासाठी आहे. कुडाच्या सारवलेल्या भिंती व वर चुलीच्या धुराने काळे झालेले वासे आणि कौले अशा घरात वर वळविलेला क्षणदीप जवळजवळ पूर्णपणे शोषला जातो व भिंतीवरून परत येणारा थोडा प्रकाश मातकट रंग घेऊन येतो. अशा वेळी धुतलेले धोतर किंवा चादर बाजूस ताणून धरून तीवर प्रकाश टाकणे हा बिनखर्चाचा व खात्रीचा उपाय ठरतो.

इतर उपयोग : निशाचर प्राण्यांच्या चित्रणात क्षणदीपाने मोठी भर घातली. अमेरिकेतील जॉर्ज शिरस यांची रात्रीची वन्यप्राण्यांची चित्रे १९०६ मध्ये नॅशनल जिऑग्रॅफिक या नियतकालिकात आली. भारतात वनाधिकारी एफ्. डब्ल्यू. चँपियन यांनी वाटेत ताणलेल्या तारेला वाघाचा पाय लागताच क्षणदीप पेटेल अशी योजना करून चित्रे घेतली. त्यांचे वुइथ अ कॅमेरा इन टायगर-लँड हे पुस्तक १९२७ मध्ये प्रसिद्ध झाले. याच कल्पनेचा पुढील विकास म्हणजे स्वयंचलित कॅमेऱ्यांचे सापळे. नाशिक जिल्ह्याच्या दक्षिणेस असलेल्या अकोले तालुक्यातील शेतीच्या दाट वस्तीच्या भागात अशा कॅमेऱ्यांनी केलेल्या अभ्यासात दर १०० चौ. किमी.मागे सु. पाच प्रौढ बिबटे असल्याचे आढळले (२०१३). प्रत्येक बिबट्याच्या अंगावरील ठिपक्यांची रचना वेगळी असल्याने त्यावरून गणना करता येते. अवरक्त प्रकाशातील रात्रीच्या चित्रांत ही रचना बहुधा अस्पष्ट येते, म्हणून ओळख पटविण्याच्या कामी पांढऱ्या क्षणदीपास पसंती दिली जाते. वैद्यक, गुन्हेतपासणी व वेगवान यंत्रांचा अभ्यास यांतही क्षणदीप वापरतात.

मर्यादा व पथ्ये : प्रकाश टाकणे सर्वत्र इष्ट असतेच असे नाही. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या लेण्यांत क्षणदीपाचा वापर निषिद्ध आहे. तीव्र प्रकाशाने जुन्या रंगांची हानी होण्याचा धोका असतो व असंख्य प्रेक्षकांच्या बाबतीत तो साठत जातो. बिनॉय बहल यांनी १९९० नंतरच्या दशकात अजिंठ्याची रंगीत चित्रे क्षणदीप टाळून, मंद प्रकाशात दीर्घ उद्भासन देऊन घेतली व त्या रंगांची खोली जगापुढे आणली. क्षणदीप कधी वापरू नये हे कळणे हाही त्याच्या शिक्षणाचा भाग आहे, हे या उदाहरणावरून स्पष्ट होते. मुखवटा चढविलेल्या नाचणाऱ्यास लहान छिद्रांतूनच दिसते. अंधारात समोरून आलेल्या लखलखाटाने तो काही क्षण आंधळा होतो व हातात किंवा जवळ पेटता टेंभा असल्याने अपघात संभवतो. शिवाय सोंग हे केवळ वेषांतर नसून त्यामागे श्रद्धा असते. म्हणून गावातील जाणत्यांची परवानगी आधी घेणे, ते नको म्हणतील तेथे कॅमेरा खाली ठेवणे आणि थेट डोळ्यांवर प्रकाश न टाकणे ही पथ्ये आवश्यक ठरतात.

अंकीय कॅमेऱ्यामुळे घेतलेले चित्र लगेच पडद्यावर पाहता येते व चूक सुधारून दुसरे घेता येते. त्यामुळे पूर्वी फिल्म धुऊन येईपर्यंत कळत नसे ते नवशिक्यास काही सेकंदांत कळते. संवेदकांचा वेग वाढल्याने पूर्वी क्षणदीपावाचून अशक्य असलेली अनेक चित्रे आता टेंभ्याच्या उजेडातही घेता येतात. परिणामी अंधार हटविणे हे क्षणदीपाचे मूळ काम गौण होत चालले असून, असलेल्या उजेडात नेमकी व थोडी भर घालणे हे त्याचे काम होत आहे. आल्फ्रेड ब्रदर्स यांच्या मॅग्नेशियमाच्या तारेपासून स्वयंचलित साधनापर्यंत प्रकाश किती मिळवावा हा प्रश्न होता. पुढील काळात तो किती राखावा व किती आवरावा हा झाला आहे.